मोटारीच्या बॅटरीचा उच्छ्वास



मोटारीचा कोणताहि भाग बिघडूं लागला कीं तो बहुधा आपली तक्रार मालकाच्या कानावर घालतो. एंजिनाचा सूर बदलतो, चाक डुलूं लागतें, ब्रेक ढिला झाल्याचें पायाला कळतें. बॅटरी मात्र निमूटपणें एका कोपऱ्यांत पडून असते, आणि ज्या सकाळीं गाडी सुरू होत नाहीं त्या सकाळींच तिची आठवण होते. मग दुकानदाराला बोलावणें जातें, त्याचा माणूस जुनी पेटी काढून नवी बसवितो, गाडी पहिल्या झटक्यांत सुरू होते, आणि तो विषय पुढील तीन-चार वर्षांपुरता मिटला असें आपण समजतों. त्या नव्या पेटीच्या अंगावर एक लहानसें छिद्र असतें. त्याकडे कोणी पाहत नाहीं. आज मी आपणांस त्या छिद्राचा इतिहास सांगणार आहें. गेल्या दीडशेंहून अधिक वर्षांत बॅटरीचें बाह्य रूप ओळखूं न येण्याइतकें पालटलें. परंतु तिच्यांत विद्युत् भरतांना वायु उत्पन्न होतो, ही गोष्ट मुळींच पालटलेली नाहीं. त्या वायूला बाहेरची वाट आहे कीं नाहीं हें पाहणें, हें काम अद्यापि माणसाच्याच डोळ्यांचें आहे.

बॅटरीच्या आधीं तिचा वायु जन्मास आला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. १७६६ सालीं हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञानें धातूंवर आम्ल ओतून निघणाऱ्या 'ज्वलनशील हवे'चें वर्णन केलें. फ्रान्समधील लाव्हाझिए यानें पुढें तिला पाणी उत्पन्न करणारा या अर्थाचें हायड्रोजन हें नांव दिलें. आपल्याकडील जुन्या रसायनग्रंथांतून त्यालाच उज्जवायु म्हटलेलें आढळतें. १८०० सालीं इटलीच्या व्होल्टानें धातूंच्या चकत्यांची आपली सुप्रसिद्ध चळत रचली व तिचें वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पत्रानें कळविलें. तें पत्र छापून बाहेर पडण्यापूर्वींच निकल्सन व कार्लाइल या दोघां इंग्रज गृहस्थांनीं तशीच चळत तयार करून तिच्या तारा पाण्यांत सोडल्या. तारांच्या टोंकांशीं बुडबुडे उठूं लागले. एकीकडे हायड्रोजन व दुसरीकडे प्राणवायु, असें पाणी दुभंगलें होतें. आज बॅटरीच्या पोटांत जें चालतें त्याचें हें पहिलें दर्शन होय.

विद्युत् उत्पन्न करणें निराळें आणि ती सांठवून ठेवणें निराळें. सांठविण्याचा व्यवहार्य मार्ग दाखविला तो गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें, १८५९ सालीं. शिशाचे दोन लांब पत्रे, ते एकमेकांस चिकटूं नयेत म्हणून मध्यें कापड, अशी सुरळी करून ती त्यानें गंधकाम्लमिश्रित पाण्यांत उभी केली. पुढल्याच वर्षीं त्यानें असे नऊ घट जोडून फ्रान्सच्या विज्ञान परिषदेपुढें मांडले. परंतु त्याचे पत्रे कामास योग्य होण्यासाठीं महिनोन् महिने भरणें व रिकामे करणें चालवावें लागे, आणि भरण्यासाठीं तरी त्या वेळीं चांगला डायनॅमो कोठें होता? दुसऱ्या घटांच्या विद्युतेनें हे घट भरावे लागत. ही अडचण कामिय्य फोर यानें दूर केली. शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्याच भस्माचा लेप देण्याची युक्ति त्यानें काढली. १८८१ सालीं अशा चार घटांची एक भरलेली पेटी पॅरिसहून ग्लासगो येथें सर विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील काळचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्याकडे नेण्यांत आली. विद्युत् पेटींत घालून गांवोगांव नेतां येते, या वार्तेनें त्या वेळीं लोकांचें केवढें कुतूहल जागृत झालें असेल याची कल्पना करावी.

आतां त्या पेटींत काय घडतें तें थोडक्यांत पाहूं. भरलेल्या घटांत एका पत्र्यावर शिशाचें पेरॉक्साइड असतें व दुसऱ्यावर सच्छिद्र शिसें. घट विद्युत् देऊं लागला म्हणजे दोहोंवर शिशाचें सल्फेट सांचत जातें आणि आम्ल पातळ होतें. उलट दिशेनें प्रवाह सोडला कीं सल्फेट नाहींसें होऊन पत्रे पूर्ववत् होतात. परंतु सल्फेट संपत आल्यावर येणाऱ्या प्रवाहाला दुसरें काम उरत नाहीं, म्हणून तो पाणीच फोडूं लागतो. एका घटाचा दाब सुमारें २.४ व्होल्टवर, म्हणजे सहा घटांच्या मोटारीच्या बॅटरीचा दाब सुमारें १४.४ व्होल्टवर चढला कीं बुडबुडे स्पष्ट दिसूं लागतात. त्यांतून निघणारा हायड्रोजन हवेच्या चौदाव्या हिश्शाइतका हलका असतो, आणि हवेंत तो शेंकडा ४ पासून शेंकडा ७५ पर्यंत कोणत्याहि प्रमाणांत मिसळला तरी पेट घेऊं शकतो. त्याला ठिणगीहि मोठी लागत नाहीं. लोंकरीचा कपडा अंगांतून काढतांना जी बारीकशी चमक उडते तेवढी त्याला पुरते. बॅटरींत तर त्याच्या जोडीला प्राणवायुहि नेमका पाण्याच्या प्रमाणांतच उत्पन्न होतो. झाकणाखालीं सांचलेलें हें मिश्रण पेटलें म्हणजे जळत बसत नाहीं. बार उडतो, पेटी फुटते आणि आम्लाचे शिंतोडे समोरच्या माणसाच्या तोंडावर येतात.

आरंभीच्या काळांत हा धोका कोणापासून लपलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेच्या कारखान्यांतून संचायकांसाठीं स्वतंत्र खोल्या असत. कांचेच्या मोठ्या उघड्या भांड्यांत पत्रे बुडालेले दिसत, बुडबुडे डोळ्यांना दिसत, आम्लाचा दर्प नाकांत शिरे. खोलींत वारा खेळता ठेवावा आणि उघडा दिवा आंत नेऊं नये, हे नियम तेथील नोकराला वेगळे शिकवावे लागत नसतील. त्याचें नाकच त्याला ते शिकवी. ज्या घरांत वीज पोंचली नव्हती त्या घरांतील पहिले रेडिओदेखील अशाच लहान संचायकांवर चालत, आणि ते भरून आणण्यासाठीं दुकानांत न्यावे लागत. घट जोंपर्यंत उघडा होता, तोंपर्यंत त्याचा उच्छ्वास कोणी विसरूं शकत नव्हतें.

मोटारीचा आणि या पेटीचा संबंधहि जुनाच आहे. १८९९ सालीं ताशीं शंभर किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली ती कामिय्य जेनात्सी याच्या विजेच्या गाडीनें, शिशाच्या बॅटऱ्यांच्या बळावर. पण पेट्रोलच्या प्रत्येक गाडींत बॅटरीला कायमची जागा मिळाली ती १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीपासून. तोंवर गाडीच्या तोंडाशीं हँडल घालून एंजिन हातानें फिरवावें लागे. तें उलट झटका देई तेव्हां मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग याच्या विजेच्या स्टार्टरनें हा जाच संपविला, आणि ज्यांना हँडल मारण्याची ताकद नव्हती त्यांनाहि मोटार आपली वाटूं लागली. या सोयीबरोबर एक गोष्ट मात्र न बोलतां घडली. वायु सोडणारी पेटी हवेशीर खोलींतून उठली आणि पेट्रोल, तापलेलें लोखंड व विजेच्या ठिणग्या यांच्या शेजारीं येऊन बसली.

त्यांतच आरंभींचे डायनॅमो फारसे शहाणे नव्हते. 'तिसऱ्या ब्रशा'च्या योजनेचा डायनॅमो बॅटरी भरलेली आहे कीं रिकामी आहे हें ओळखीत नसे. बांधून दिलेल्या बेतानें तो प्रवाह पाठवीतच राही. लांबच्या प्रवासास निघालेल्या मालकाला भरदिवसां पुढचे दिवे लावून ठेवण्याचा सल्ला त्या काळीं देत असत. हेतु हा कीं, जास्तीची विद्युत् दिव्यांत खर्च व्हावी, बॅटरींतील पाणी फोडण्यांत होऊं नये. प्रत्येक घटाला बूच असे, बुचाला बारीक छिद्र असे, आणि बूच काढून डिस्टिल्ड पाणी घालणें हा मोटार बाळगण्याचा एक नित्यविधि होता. कटकटीचा खरा, पण त्या निमित्तानें मालकाची व बॅटरीची वरचेवर गांठ पडे.

बंद जागेंत हा वायु सांचला तर काय होतें, याचा दारुण अनुभव पाणबुड्यांनीं घेतला. पाण्याखालीं पाणबुडी बॅटऱ्यांवर चाले. शिशाच्या बॅटरींत समुद्राचें पाणी शिरलें तर विषारी क्लोरीन निघतो, म्हणून अमेरिकेच्या 'ई-२' या पाणबुडींत एडिसनची निकेल व लोखंड यांची बॅटरी बसविण्यांत आली. क्लोरीनचें भय त्यामुळें खरोखरच टळलें. परंतु हायड्रोजन त्याहि बॅटरींतून निघतो. १५ जानेवारी १९१६ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन येथील गोदींत त्या पाणबुडींत स्फोट होऊन कांहीं माणसें प्राणास मुकलीं. एका धोक्यावर तोड काढतांना दुसऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष झालें, तर वायु तें दुर्लक्ष क्षमा करीत नाहीं, हा या अपघाताचा धडा आहे.

या वायूवर एक उपाय मात्र बॅटरीहूनहि जुना होता. इंग्लंडांतील फेलिंग येथल्या कोळशाच्या खाणींत १८१२ सालीं स्फोट होऊन ९२ जण मृत्युमुखीं पडले. तशा दुर्घटना टळाव्या म्हणून १८१५ सालीं हंफ्री डेव्ही यानें आपला सुरक्षित दिवा तयार केला. त्यांत ज्योतीभोंवतीं तारेची बारीक जाळी होती. जाळीचा धातु ज्योतीची उष्णता शोषून घेतो, त्यामुळें हवा जाळींतून जाते पण ज्वाला पलीकडे जाऊं शकत नाहीं. आजच्या चांगल्या बॅटरीच्या छिद्रांत जी सच्छिद्र चकती बसविलेली असते तिचें तत्त्व हेंच. वायु बाहेर जातो; बाहेर ठिणगी पडली तरी ज्वाला आंत परतत नाहीं. मात्र ठिणगी पेटीच्या आंतच पडली तर ही चकती काय करणार? आम्ल खालीं जाऊन पत्रे उघडे पडले असतील आणि आंतला एखादा सांधा निखळला असेल, तर स्टार्टर फिरवितांना तेथेंच ठिणगी पडूं शकते.

पुढची सुधारणा धातूंतच झाली. निव्वळ शिसें फार मऊ, म्हणून पत्र्यांच्या जाळ्यांत अँटिमनी मिसळीत. त्यानें जाळी कणखर होई, पण वायु अधिक निघे व पाणी लवकर आटे. १९३५ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या हॅरिंग व टॉमस यांनीं टेलिफोनच्या बॅटऱ्यांसाठीं अँटिमनीऐवजीं कॅल्शियम वापरण्याचा मार्ग दाखविला. १९७० नंतरच्या दशकांत तोच मार्ग मोटारीच्या बॅटरीनें धरला, आणि पाणी न मागणारी, बुचें नसलेली बॅटरी बाजारांत आली. दरम्यान १९५७ सालीं जर्मनींत ऑटो याखे यांनीं आम्लाला खळीसारखें घट्ट केलें, आणि १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत अमेरिकेच्या गेट्स रबर कंपनींत कांचेच्या तंतूंच्या गादींत आम्ल शोषून ठेवणारी रचना निघाली. या दोन्ही जातींत एका पत्र्याशीं निघालेला प्राणवायु दुसऱ्या पत्र्यापर्यंत जाऊन तेथें पुन्हां पाणी बनतो. तेव्हां लोक त्यांना सरसकट 'सील्ड' म्हणूं लागले. हें नांव मात्र फसवें आहे. त्या पेट्यांनाहि झडप असते, आणि बॅटरी प्रमाणाबाहेर भरली गेली कीं ती झडप उघडून वायु बाहेर येतो. ज्या पेटीला उच्छ्वासाची वाटच नाहीं अशी शिशाची बॅटरी मोटारींत बसवीत नाहींत.

बॅटरी अशी निमूट झाल्यावर तिला बॉनेटखालींच ठेवण्याचें कारण उरलें नाहीं असें पुष्कळांना वाटलें. वस्तुतः तिचा मुक्काम हालविण्याची चाल त्याहून जुनी आहे. फोक्सवॅगनच्या जुन्या 'बीटल'मध्यें ती मागच्या बैठकीखालीं असे. तिच्यावरचें झाकण हरवलें आणि बैठकीवर एखादी भारदस्त व्यक्ति विराजमान झाली, कीं बैठकीची लोखंडी स्प्रिंग बॅटरीच्या टोंकांना टेंकून आग लागण्याचे प्रकार घडत. १९८९ सालीं आलेल्या माझ्दाच्या 'एमएक्स-५' या छोट्या गाडींत, तसेंच बीएमडब्ल्यूच्या कित्येक गाड्यांत, वजन दोन्ही चाकांवर सारखें पडावें म्हणून बॅटरी मागें डिकींत नेण्यांत आली. डिकी ही बंद कोठडी, म्हणून तेथून वायु गाडीबाहेर नेणारी एक नळी कारखान्यानेंच बसविलेली असते. बॅटरी बदलली तरी नळी गाडींतच राहते. आणि दुकानांतून आलेल्या नव्या बॅटरीला ती नळी लावण्याची सोय आहे कीं नाहीं, हें पुष्कळदां कोणी पाहतच नाहीं.

येथें थोडा हिशेब करूं. एक अँपियरचा प्रवाह एक तास पाणी फोडीत राहिला तर एका घटांतून सुमारें ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. सहा घटांतून अडीच लिटर. चार्जिंगची व्यवस्था बिघडून भरलेल्या बॅटरींत पांच अँपियरचा प्रवाह एक तास वाहिला, व तो सारा पाणी फोडण्यांत खर्ची पडला असें धरलें, तर साडेबारा लिटर झाला. आतां ३०० लिटरच्या डिकीचा शेंकडा ४ हिस्सा म्हणजे १२ लिटर. म्हणजे डिकीला हवेची वाट नसेल आणि नळी लावलेली नसेल, तर तासाभरांत ती कोठडी पेट घेण्याच्या मर्यादेला येऊन पोंचते. डिकींतील दिव्याचें बटनहि मग निरुपद्रवी राहत नाहीं.

म्हणून नवी बॅटरी बसविल्यावर मालकानें दहा मिनिटें स्वतः उभें राहून कांहीं गोष्टी पाहाव्या. प्रथम एंजिन बंद असतांना, हातांतील धातूचें कडें व अंगठी काढून ठेवून व डोळ्यांवर चष्मा चढवून, पेटी हलवून पाहावी. ती पट्टीनें घट्ट आंवळलेली असली पाहिजे. मग छिद्र शोधावें. कांहीं बॅटऱ्यांना दोन्ही अंगांस एकेक छिद्र असतें. नळी एकाला लावावी व दुसरें सोबत आलेल्या बुचानें बंद करावें. दोन्ही बंद राहिलीं तर आंत दाब सांचतो, आणि दुसरें उघडें राहिलें तर नळी असून नसल्यासारखी. नळी कोठें चेपलेली, दुमडलेली किंवा चिखलानें तुंबलेली नाहीं, आणि तिचें दुसरें टोंक गाडीच्या तळाबाहेर निघालें आहे, याची खात्री करावी. वाहतुकीसाठीं छिद्रावर चिकटविलेली पट्टी कधींकधीं तशीच राहून जाते, तीहि काढावी. बॅटरी बॉनेटखालीं असेल तर नळी बहुधा लागत नाहीं. तरी छिद्रावर कपडा, फोम किंवा घरगुती आच्छादन घालूं नये.

यानंतर टोंकांकडे वळावें. दोन्ही तारा घट्ट असाव्या, धन टोंकावर रबरी टोपी असावी, आणि बॉनेटचा पत्रा खालीं आल्यावर टोंकाला लागत नाहीं हें पाहावें. सैल तार म्हणजे ठिणगीला आमंत्रणच. चासीला जोडलेली तार काढतांना पहिली काढावी व लावतांना शेवटीं लावावी. म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाहीं. शेवटीं व्होल्टमीटर लावून दाब मोजावा. भरलेली व विसावलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. एंजिन चालू असतां तो आंकडा बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.७ च्या दरम्यान असतो. पंधराच्या वर कांटा ठरूं लागला, पेटी हाताला तापलेली लागली, किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर दोष बहुधा गाडीच्या चार्जिंगच्या व्यवस्थेंत असतो आणि नवी बॅटरीहि त्यांत लवकरच बळी पडेल. अशा वेळीं एंजिन बंद करावें, दारें-खिडक्या उघडाव्या, तारांना हात लावण्याची घाई करूं नये, आणि जाणत्या मिस्त्रीला बोलवावें. आम्ल डोळ्यांत उडालेंच तर निदान पंधरा-वीस मिनिटें वाहत्या स्वच्छ पाण्यानें डोळा धुवावा व लगेच डॉक्टरांकडे जावें. खाण्याचा सोडा फरशीवर सांडलेल्या आम्लावर घालावा, डोळ्यांत कदापि घालूं नये.

ज्यांच्या घरीं मोटार नाहीं त्यांनींहि हें परकें समजूं नये. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रांतील असंख्य घरांतून इन्व्हर्टर आला, आणि त्याच्याबरोबर शिशाची एक मोठी बॅटरीहि आली. जिन्याखालच्या कपाटांत, कधीं निजण्याच्या खोलींत, कधीं देव्हाऱ्याच्या खालच्या खणांत ती ठेवलेली असते. जी पेटी शंभर वर्षांपूर्वीं स्वतंत्र हवेशीर खोलींत ठेवीत, तिच्याच जातीची ही पेटी आपण समईच्या शेजारीं दाराआड बंद करतों. हायड्रोजन हलका, म्हणून तो वर चढतो. कपाटाला वरच्या बाजूस मोकळी वाट हवी, आणि ज्योत दूर हवी. आज घरीं कपाट उघडाल तेव्हां एवढें अवश्य पाहा.